‘न्यॅद’ आणि ‘नीड’ : घरट्याच्या गेलिक शब्दात ‘बसणे’ कितपत उरले आहे?

पाणवठा :

आयरिश आणि स्कॉटिश गेलिक या दोन्ही भाषांत पक्ष्याच्या घरट्याला एकच शब्द आहे आणि दोन्हीकडे त्याचे लेखनही सारखेच आहे. आयर्लंडमध्ये तो साधारण ‘न्यॅद’ असा उच्चारतात, तर स्कॉटलंडकडे त्यातला शेवटचा वर्ण ‘त’कडे झुकतो आणि ‘न्येत’ असे काहीसे कानावर पडते. जुन्या आयरिशमध्ये तो ‘नेत’ असा लिहीत असत, पण तिथला ‘त’ ही केवळ लेखनाची रीत होती, उच्चार ‘नेद’ असाच होता. वेल्श ‘नीथ’, लॅटिन ‘नीदुस’, इंग्रजी व जर्मन ‘नेस्ट’ आणि संस्कृत ‘नीड’ हे सगळे एकाच मुळाचे फाटे आहेत, याविषयी तुलनात्मक भाषाशास्त्रात फारसा वाद नाही. मूळ रूप ‘निस्दोस’ असे मांडले जाते. त्यातला ‘नि’ म्हणजे खाली आणि ‘स्द’ म्हणजे ‘सद्’, अर्थात बसणे, या धातूचे मधला स्वर गळालेले रूप. ‘उपनिषद्’ या शब्दात आपल्याला जे ‘नि’ आणि ‘सद्’ दिसतात, तेच हे दोन घटक.

माझे म्हणणे असे की, या शब्दाचा गाभा ‘पक्ष्याचे घरटे’ हा नसून ‘स्थिरावण्याची, टेकण्याची जागा’ हा आहे, आणि कोशांत पहिला अर्थ घरट्याचा देऊन बाकीचे अर्थ लाक्षणिक म्हणून खाली ढकलले जातात, तो क्रम उलटा आहे. आयरिशमध्ये मुंग्यांच्या वारुळाला ‘न्यॅद’ म्हणतात, गांधीलमाश्यांच्या पोळ्याला ‘न्यॅद’ म्हणतात आणि कोळ्याच्या जाळ्यालाही ‘न्यॅद’ म्हणतात. मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे, कारण आपण वस्तूच्या घडणीकडे पाहतो. गेलिक भाषक तिथे कोण राहते आणि बसते एवढेच पाहतो. त्यावरून झालेल्या ‘न्यॅदी’ या क्रियापदाचा अर्थ घरटे करणे असा आहेच, पण ठाण मांडणे, रुजणे असाही आहे. संस्कृतात तर ‘रथनीड’ हा शब्द महाभारतात जागोजाग येतो, आणि तो रथातल्या बसण्याच्या जागेचा वाचक आहे. तिथे पक्ष्याचा काही संबंध नाही. ऋग्वेदात अग्नीच्या संदर्भात ‘ऋतस्य योना वृषभस्य नीळे’ असे आहे (४.१.१२), म्हणजे बैलाचे नीड. दहाव्या मंडळात ‘समानं नीळं वृषणो वसानाः’ असे येते. बैल काही झाडावर काड्या रचत नाही. मग मूळ अर्थ घरटे कसा?

जुनाट कोश :

धागा उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. व्युत्पत्ती आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण एकीच्या पुराव्यावर दुसरी सिद्ध करत आहात.

‘उपवास’ हा शब्द घ्या. तो ‘उप’ आणि ‘वस्’ यांचा बनलेला आहे, म्हणजे घटकांकडे पाहिले तर ‘जवळ राहणे’. मूळ यज्ञविधीच्या संदर्भात अग्नीजवळ राहण्याचा अर्थ त्यात असेलही, पण एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या माणसाच्या मनात ‘जवळ राहणे’ कुठेही नसते, आणि कोशकाराने पहिला अर्थ तो द्यावा असे कोणी म्हणणार नाही. शब्द कोणत्या तुकड्यांपासून बनला हे त्याच्या जन्माचे वृत्त असते. त्यावरून तो पुढे काय करतो हे ठरत नाही.

‘निस्दोस’बद्दल पुरावा कुठे बोट दाखवतो ते पाहा. केल्टिक शाखेत, म्हणजे आयरिश, वेल्श वगैरे भाषांत, मुख्य अर्थ पक्ष्याचे घरटे. लॅटिनमध्ये तोच. जर्मानिकमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेत, तोच. रशियन ‘ग्नेझ्दो’ आणि लिथुएनियन ‘लिझ्दास’ यांतही तोच. एकमेकांपासून हजारो वर्षे दूर राहिलेल्या इतक्या शाखा जर एकाच अर्थावर येऊन थांबतात, तर साधा निष्कर्ष असा की त्या वेगळ्या होण्याआधीच तो अर्थ पक्का झाला होता. नाहीतर मानावे लागेल की ‘बसण्याची जागा’ असा सैल अर्थ घेऊन सगळ्या निघाल्या आणि प्रत्येकीने आपापल्या देशात, इतरांना न विचारता, नेमके पक्ष्याचेच घरटे निवडले. एवढा योगायोग मला पटत नाही.

राहिले वारूळ आणि जाळे. इंग्रजीतही मुंग्यांना आणि गांधीलमाश्यांना ‘नेस्ट’च लावतात. घरट्याचा अर्थ आधी आणि त्यावरून इतर जिवांच्या बिऱ्हाडांकडे विस्तार नंतर, हा प्रवास कोणत्याही भाषेत सहज घडतो. मराठीत वारूळ, पोळे, जाळे असे वेगळे शब्द आहेत हे खरे, पण त्यावरून गेलिक भाषकाच्या मनाचा स्वभाव काढणे धाडसाचे आहे.

सडेतोड :

इतका खटाटोप कशाला? ‘नीड’ हा संस्कृत शब्द आहे, वेदांत आहे, आणि वेद या सगळ्या भाषांहून जुने आहेत. तो इथून पश्चिमेला गेला आणि आयर्लंडपर्यंत जाताना झिजून ‘न्यॅद’ झाला. मूळ घरी असताना ‘निस्दोस’ नावाचे कोणीही कधी न ऐकलेले रूप, कल्पित रूपाची खूण म्हणून तारा लावून, का मांडायचे?

ळ-प्रेमी :

सडेतोड, आपल्या प्रश्नाला उत्तर देता येते, आणि ते अभिमानाच्या नव्हे तर उच्चारांच्या आधाराने द्यावे लागते, म्हणून थोडे लांबेल.

‘न्यॅद’ जर ‘नीड’वरून आला असता, तर त्यात दीर्घ ‘ई’चा काही माग असायला हवा होता. तो नाही. आयरिशमधला ‘ए’ हा ऱ्हस्व ‘इ’वरून आला आहे, आणि याचा पुरावा शब्दाच्या रूपांतच दिसतो. प्रथमेत मूळ शब्दाच्या शेवटी ‘ओस’ होते, आणि पुढच्या अक्षरातल्या अशा स्वराने मागच्या ‘इ’ला खाली ओढून ‘ए’ केले. षष्ठीत शेवट ‘ई’ असल्याने हे ओढणे झालेच नाही, आणि तिथे मूळ ‘इ’ टिकला. स्कॉटिश गेलिकमध्ये आजही ‘घरट्याचे’ म्हणताना ‘निद’ असे रूप लिहितात. म्हणजे प्रथमेत ‘ए’, षष्ठीत ‘इ’, अशी ही जोडी एका लुप्त शेवटाची खूण आहे, आणि संस्कृत ‘नीड’मधून ती कुठल्याही वाटेने काढता येत नाही.

दुसरी गोष्ट मधल्या ‘स’ची. इंग्रजी ‘नेस्ट’मध्ये ‘स’ आहे, रशियन आणि लिथुएनियन शब्दांत त्याचा ‘झ’ आहे. संस्कृतात तो नाही. संस्कृतातून शब्द गेला असता, तर संस्कृतात नसलेला वर्ण तीन-तीन शाखांना कुठून मिळाला? उलट मूळ रूपात तो होता असे धरले की संस्कृतचे रूप नियमाने मिळते. ‘द’च्या शेजारी ‘स’ घोष होऊन ‘झ’सारखा झाला, ‘इ’च्या पुढे असल्याने तो मूर्धन्य झाला, त्याने ‘द’चा ‘ड’ केला, आणि स्वतः लोपताना आपल्या वाट्याचा काळ मागच्या ‘इ’ला देऊन तिला दीर्घ करून गेला. ही केवळ एका शब्दापुरती रचलेली कथा नाही. बक्षीस किंवा मोबदला या अर्थाचा वैदिक ‘मीढ’ शब्द घ्या. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या इराणी धर्मग्रंथात, त्याच्या जोडीला ‘मिझ्द’ आहे, गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत ‘मिझ्दो’ आहे, ग्रीकमध्ये ‘मिस्थोस’ आहे. तिथेही तोच ‘झ’ लोपला, तोच ‘ई’ दीर्घ झाला, तोच मूर्धन्य वर्ण आला. केल्टिक बाजूलाही जोड मिळते : आयरिशमध्ये काठीला ‘माद्य’ म्हणतात, आणि तो इंग्रजीतल्या जहाजाच्या ‘मास्ट’चा नातलग आहे; जर्मानिकमध्ये जिथे ‘स्त’ तिथे आयरिशमध्ये नुसता ‘द’, अगदी ‘नेस्ट’ आणि ‘न्यॅद’सारखाच.

ऋग्वेदाच्या शाकल शाखेत दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘ळ’ होतो, म्हणून पाणवठा यांनी उद्धृत केलेल्या ऋचांत ‘नीळ’ आहे. मराठीने हा वर्ण आजवर जपला आहे, याचा आनंद मला ‘नीड जगाची जननी’ या दाव्यापेक्षा जास्त होतो.

अवांतर : या शब्दांचा अभ्यास आणि भारत यांचा एक खरा धागा आहे, आणि तो वेदांपेक्षा खूप अलीकडचा आहे. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा कायदेपंडित १८६२ मध्ये भारतात आला आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता. आपल्या दिवाणी व फौजदारी कायद्यांच्या मसुद्यांवर काम करता करता तो जुन्या आयरिश टीपा संपादित करत असे. पुढे १८९४ मध्ये त्याने आणि जर्मन पंडित बेझेनबेर्गर याने मिळून प्राचीन केल्टिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला.

सडेतोड :

‘मीढ’चे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. मग मला एवढेच सांगा की, ‘सीदति’ या रूपात ‘ड’ का नाही? तेही ‘सि-स्द-ति’ असेच होते ना? तुमच्या नियमाने ते ‘सीडति’ व्हायला हवे होते. नियम घरट्याला लागू आणि बसण्याला नाही, हे कसे?

ळ-प्रेमी :

प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. लॅटिन ‘सीदो’ हेही त्याच घडणीचे आहे, म्हणजे मूळ ‘सिस्द’ होते यात शंका नाही, आणि नियमाने ‘सीडति’ अपेक्षित होते. पण बोलणाऱ्याच्या जिभेवर त्याच धातूची इतर रूपे सतत खेळत होती : ससाद, सदन, सदस्. त्या सगळ्यांत स्वच्छ ‘द’ असताना एकट्या वर्तमानकाळात ‘ड’ टिकला नाही. इतर रूपांच्या ओढीने तिथे पुन्हा ‘द’ बसवला गेला. ‘नीड’ला असा कुटुंबाचा आधार नव्हता, म्हणून त्याचा ‘ड’ तसाच राहिला.

कॉर्कनिवासी :

मी काही वर्षे आयर्लंडच्या दक्षिणेला राहत आहे, म्हणून नकाशावरचा पुरावा मांडतो.

केरी काउंटीत केनमेअर नावाचे गाव आहे. इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर वरती तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली ठळक मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव असते. बहुतेक ठिकाणी खालचे नाव हे वरच्याचेच इंग्रजी कानाने ऐकलेले रूप असते. इथे मात्र दोघांचा काहीच मेळ लागत नाही. खाली ‘केनमेअर’, वर ‘नेदीन’. नेदीन म्हणजे छोटे न्यॅद, छोटे घरटे. केनमेअर हेही मुळात आयरिशच, ‘क्यान मारा’, म्हणजे समुद्राचा माथा, खाडी जिथे संपते ती जागा. विल्यम पेटी या इंग्रज मोजणीदाराला सतराव्या शतकात, इंग्रज सत्ताधीश क्रॉमवेलच्या काळात, इथल्या जमिनी मिळाल्या, त्याच्या वारसांनी, म्हणजे लॅन्सडाउन घराण्याने, अठराव्या शतकात गावाची आखणी केली, आणि इंग्रजीत केनमेअर हेच नाव रूढ झाले. आयरिशमध्ये मात्र नेदीन टिकले. गाव खाडीच्या टोकाशी, डोंगरांच्या कुशीत आहे. तिथे कोणत्या पक्ष्याने घरटे केले होते म्हणून हे नाव पडले, असे कोणी सांगत नाही. सगळे हेच सांगतात की जागा आडोशाची आहे. हे उदाहरण पाणवठा यांच्या बाजूने जाते.

पण दुसऱ्या बाजूचे उदाहरण जास्त वजनदार आहे. ‘न्यॅद अन युलर’, म्हणजे गरुडाचे घरटे, हे नाव आयर्लंडमध्ये एकाहून अधिक ठिकाणी आहे. कॉर्कच्या बॉगरा डोंगरात त्या नावाचे खेडे आहे, ज्याचे इंग्रजीत नुसते ‘नॅड’ झाले. किलार्नीच्या तळ्यांमध्ये याच नावाचा उभा कडा आहे, जिथे जुन्या काळी नावाडी पर्यटकांना प्रतिध्वनी ऐकवण्यासाठी बिगुल वाजवत. ही नावे कुशीच्या किंवा आसऱ्याच्या जागांची नाहीत, उघड्या, चढायला अवघड अशा खडकांची आहेत, आणि तिथे खरोखर गरुड होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मारून आणि विष घालून ते नाहीसे केले गेले. २००१ पासून डोनेगलमध्ये सोनेरी गरुड आणि २००७ पासून किलार्नीच्या राष्ट्रीय उद्यानात नॉर्वेहून आणलेली पांढऱ्या शेपटीच्या गरुडाची पिल्ले सोडण्यात आली. कुठे कधी गरुड होते याचा शोध घेताना ही स्थलनामे अभ्यासकांना उपयोगी पडतात, ती त्यांतला ‘न्यॅद’ शब्दशः घेतला तरच.

पाणवठा :

कॉर्कनिवासी, माहितीबद्दल आभार. नेदीनचे उदाहरण मला माहीत नव्हते आणि ते माझ्या मुद्द्याला बळ देते. गरुडाच्या कड्यांविषयी मला अडचण दिसत नाही, कारण ‘टेकण्याची जागा’ या अर्थात गरुडाची टेकण्याची जागा बसतेच. त्या नावांत ‘गरुडाचे’ हे वेगळे सांगावे लागते, यातच बरेच काही आले. शब्दाला मालक जोडल्याशिवाय तो कोणाचा आहे हे कळत नाही.

जुनाट कोश यांच्या ‘उपवास’बद्दल : तिथे अर्थ संपूर्ण बदलला आहे. इथे तसे झालेले नाही. घरटे ही आजही बसण्याचीच जागा आहे. ‘नि-सद्’ आणि घरटे यांच्यात अर्थाचा सांधा तुटलेला नसताना तो तुटला असे का धरायचे?

जुनाट कोश :

तो सांधा तुटला होता, आणि त्याचा पुरावा ळ-प्रेमी यांनी नकळत दिलाच आहे. ‘सीदति’मध्ये ‘द’ परत आला, कारण बोलणाऱ्यांना त्यात ‘सद्’ दिसत होता. ‘नीड’मध्ये ‘ड’ राहिला, कारण त्यात ‘सद्’ कोणालाच दिसत नव्हता. तो दिसत असता, तर ‘निषीदति’, ‘निषद्’, ‘निषण्ण’ या रूपांच्या ओढीने ‘नीड’चेही काहीतरी दुरुस्त झाले असते. झाले नाही. म्हणजे सूक्ते रचणाऱ्यांच्याही आधी हा शब्द अखंड, न उकलणारा झाला होता. अमरकोशात ‘कुलायो नीडमस्त्रियाम्’ असे आहे, आणि तो पक्ष्यांसंबंधीच्याच शब्दांत, अंड्याच्या पाठोपाठ आहे.

आयरिशमध्ये तर स्थिती आणखी स्पष्ट आहे. त्याच ‘सद्’ धातूवरून आलेला ‘बसणे’ या अर्थाचा आयरिश शब्द आज ‘सी’ असा उच्चारला जातो. त्यातला ‘द’ झिजून पूर्ण गेला. ‘न्यॅद’ आणि ‘सी’ या दोन उच्चारांत एकही वर्ण सामायिक नाही. त्या भाषेच्या कुठल्याही माणसाला एकावरून दुसरा आठवण्याचे कारण नाही. मग हजार-दीड हजार वर्षे आयरिश माणसाने ‘न्यॅद’ म्हणताना मनात ‘बसणे’ धरले, आणि म्हणूनच तो शब्द वारुळाला व जाळ्याला लावला, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

रानवाट :

आपण दोघेही बसणे आणि घरटे यांना समोरासमोर उभे करत आहात, याचे पक्षी पाहणाऱ्या माणसाला नवल वाटते. खेड्यात ‘कोंबडी बसली आहे’ एवढे म्हटले की ती रवणीला बसली, अंडी उबवते आहे, हे कोणालाही कळते. ‘कशावर बसली’ असे विचारणारा शहरातला समजावा. पक्ष्याच्या बाबतीत बसणे ही क्रिया साधी टेकण्याची नसते. टेकायला त्याला फांदी पुरते. घरटे हे विश्रांतीसाठी नसते, बहुतेक पक्षी विणीचा हंगाम सरला की त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मादी, आणि पुष्कळ जातींत नरही, दिवसचे दिवस जिथे खाली अंग दाबून बसतात ते घरटे. ‘नि’ या उपसर्गाने झाडावरच्या घरट्यात ‘खाली’ कसे आले, असा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. अंड्यांवर बसणाऱ्या पक्ष्याचे दबलेले अंग डोळ्यांसमोर आणले की तो उरत नाही. तेव्हा ‘निस्दोस’ हा शब्द घडला तेव्हाच तो पक्ष्यासाठी घडला असेल, आणि तरीही त्यातले ‘बसणे’ अगदी शब्दशः असेल.

जुनाट कोश :

रानवाट यांचे म्हणणे मला सर्वांत जवळचे वाटते. फक्त एक नोंद करतो : आयरिशमध्ये अंडी उबवण्याला ‘गोर’ म्हणतात, ‘कोंबडी गोरवर आहे’ असा त्यांचा वाक्प्रचार आहे, आणि तो शब्द उष्णतेचा आहे, संस्कृत ‘घर्म’ आणि आपल्या ‘घाम’ यांच्या कुळातला. आपण ‘उबवणे’ म्हणतो तशीच ही दृष्टी. म्हणजे गेलिकच्या ज्ञात इतिहासात तरी घरट्यातली क्रिया बसण्याची नव्हे, ऊब देण्याची आहे.

ळ-प्रेमी :

शब्द उकलता येईनासा झाला होता, याला आणखी एक आधार आहे. ज्या शब्दाचे घटक लोकांच्या ध्यानात असतात, त्याच्या तोंडाशी कोणी खेळत नाही. इथे मात्र तोंडच ठिकठिकाणी बदलले आहे. स्लाव भाषांत पुढे ‘ग’ आला आणि ‘ग्नेझ्दो’ झाले. लिथुएनियनमध्ये ‘न’च्या जागी ‘ल’ येऊन ‘लिझ्दास’ झाले. या दोन्ही बदलांचा सर्वमान्य खुलासा आजही नाही. आणि गेलिक घराण्यातच, आयल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स भाषेत, ‘न’ चक्क गळून घरट्याला ‘एद’ म्हणू लागले, कारण आधीच्या ‘अन’ या उपपदाचा आणि शब्दाच्या आरंभीचा असे दोन ‘न’ एकत्र आले आणि लोकांनी तो सगळा उपपदाच्या खात्यात टाकला. ज्या भाषकांना ‘नि’ म्हणजे खाली हे जाणवत असते, त्यांनी तो इतक्या सहज सोडला नसता.

अवांतर : मँक्सचा अखेरचा जन्मजात भाषक म्हणून ओळखला जाणारा वृद्ध मच्छीमार १९७४ मध्ये वारला, त्याचे नाव नेड मॅड्रेल. ‘नेड’ हे एडवर्डचे लाडके नाव नेमक्या उलट चुकीतून झाले आहे : ‘माइन एड’ म्हणता म्हणता आधीच्या शब्दाचा ‘न’ नावाला चिकटला.

सडेतोड :

हे मात्र मजेदार आहे. माझा मूळ मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवतो, पण पाणवठा यांनी ‘रथनीड’ दिले होते, त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

पाणवठा :

नेमके. आणि जुनाट कोश यांचाच युक्तिवाद तिथे उलटतो. ते म्हणतात की ‘नीड’मध्ये ‘सद्’ कोणाला दिसत नव्हता. मान्य करू. मग ‘रथातली बसण्याची जागा’ हा अर्थ ‘नीड’ला आला कुठून? शब्दाची फोड करून नव्याने आला म्हणता येत नाही, कारण फोड विसरली गेली होती असे आपणच सिद्ध केले. म्हणजे तो अर्थ वारशाने आला असला पाहिजे, आणि घरट्याचा अर्थ पक्का होण्याआधीपासून, किंवा निदान त्याच्या बरोबरीने, तो चालत आला असला पाहिजे. वृषभाचे नीड आणि घोड्यांसारख्या वृषांचे समान नीड या ऋग्वेदातल्या प्रयोगांनाही तोच न्याय लागतो. शुक्ल यजुर्वेदात ‘यत्र विश्वं भवत्येकनीडम्’ आहे, जे पुढे रवींद्रनाथांनी विश्वभारतीचे ब्रीद म्हणून घेतले. सगळे विश्व जिथे एका नीडात येते, तिथे आसरा, अधिष्ठान हा अर्थ जास्त सरळ लागतो.

शिवाय आर्मेनियन भाषा पाहा. तिथे ‘निस्त’ या शब्दाचा अर्थ बसण्याची, राहण्याची जागा असा आहे. पक्ष्याशी त्याचे काही घेणे नाही. एक शाखा तरी स्वच्छपणे माझ्या बाजूने उभी आहे.

जुनाट कोश :

रथनीडाला तिसरी वाट आहे, आणि ती सर्वांत वापरातली आहे : उपमा. रथाचा सांगाडा म्हणजे पुढून आणि बाजूंनी कठड्याने वेढलेला, मागून उघडा असा खोलगट भाग, ज्यात सारथी किंवा योद्धा असतो. त्याला ‘घरटे’ म्हणायला बसण्याचा धातू आठवावा लागत नाही, आकार पुरतो. जुन्या जहाजांच्या डोलकाठीवर टेहळणीसाठी जो कठडा बांधत, त्याला इंग्रज खलाशी ‘कावळ्याचे घरटे’ म्हणत. हजार वर्षांनी कोणी त्या शब्दावरून असा निष्कर्ष काढला की इंग्रजी ‘नेस्ट’चा मूळ अर्थ टेहळणीची जागा होता, तर आपण हसू. नेदीनही त्याच प्रकारचे : डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत वसलेले गाव घरट्यासारखे दिसते, म्हणून छोटे घरटे. ‘एकनीडम्’मध्येही ‘सगळ्या विश्वाचे एकच घरटे’ असे वाचले तर काही बिघडत नाही, उलट चित्र अधिक जिवंत होते. अर्थ वारशाने आला की उपमेने, हे एखाद-दुसऱ्या प्रयोगावरून ठरत नाही, आणि जिथे दोन्ही शक्य आहेत तिथे पाच शाखांचे एकमत मला निर्णायक वाटते.

आर्मेनियनचा साक्षीदार मी ग्राह्य धरत नाही. त्या भाषेत ‘मी बसतो’ हे ‘न्स्तिम’ असे आहे, म्हणजे ‘नि’सकट तो सगळा धातू क्रियापदात जिवंत राहिला. क्रियापद रोजच्या वापरात असताना त्याच्यापासून ‘बसण्याची जागा’ हे नाम कोणत्याही शतकात नव्याने घडू शकते, किंवा जुन्या नामाचा अर्थ क्रियापदाकडे परत वळू शकतो. ‘सीदति’त ‘द’ परत आला त्याच कारणाने.

पाणवठा :

म्हणजे ज्या भाषेत धातू विसरला गेला तिथला अर्थ उपमेने आला, आणि ज्या भाषेत धातू लक्षात राहिला तिथला अर्थ नव्याने घडला. अशा चौकटीत माझ्या बाजूचा कोणताही पुरावा कधी मान्य होईल, हे आपण सांगितलेत तर मी तो शोधायला लागतो.

जुनाट कोश :

सांगतो. ज्या शाखेत ‘बसणे’ या अर्थाचे क्रियापद ओळखू न येण्याइतके बदलले आहे, अशा शाखेत हा शब्द सपाट, उघड्या, न वेढलेल्या आसनासाठी वापरलेला दाखवा : ओटा, बाक, दगडाची बैठक, काहीही. तिथे घरट्याचा आकार नाही, म्हणून उपमा चालणार नाही. धातू दिसत नाही, म्हणून नवी घडणही चालणार नाही. जुन्या आयरिशचा रॉयल आयरिश ॲकॅडमीचा कोश १९१३ ते १९७६ या काळात खंडशः पूर्ण झाला आणि आता तो संगणकावर सर्वांना खुला आहे. ‘नेत’ या नोंदीपासून सुरुवात करा.